कुरिशूला तेल

चेंपाऱ्याच्या इट्टूपला कुणी विचारो न विचारो, एक गोष्ट तो सांगायचाच. "माझ्या जीपचा क्रॉस आजवर कधी मोडला नाही." पाहुणा सोयरीक घेऊन आलेला असो नाहीतर मयताला, काळ्या चहाचा पेला हातात पडायच्या आधी हे वाक्य त्याच्या कानावर पडलेलं असे.

बढाई म्हणावी तर तशी ती होती, पण खोटी नव्हती. चेंपाऱ्याची, त्या डोंगरावरच्या गावाची, वाट म्हणजे वाट नव्हेच. डोंगराला कुणी नखांनी ओरबाडून ठेवल्यासारखे दगड, मध्ये ओढे, दोन्ही अंगांना वेलचीचे मळे. त्या वाटेवर जीपगाड्यांचे क्रॉस पापडासारखे मोडत. जीपच्या पोटाखालून दोन लोखंडी दांडे जातात, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे. एक पुढच्या चाकांकडे, एक मागच्या. त्यांना शाफ्ट म्हणतात. दांड्याच्या टोकांना मनगटासारखा सांधा असतो आणि त्या सांध्यात अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा बसवलेला असतो. तो क्रॉस. मनगट आखडलं की हात कामातून जातो, तसा क्रॉस आखडला की शाफ्ट जातो, आणि शाफ्ट गेला की जीप म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं.

इट्टूपचा बाप खालच्या मुलखातून डोक्यावर कप्प्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, काड्या घेऊन डोंगर चढला होता. त्या काड्या रुजल्या, घर झालं, पोर वाढलं. पोराला मात्र मातीपेक्षा चाकं आवडायची. आधी मळेवाल्याच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि शेवटी मळ्यानं मोडीत काढलेली जीप त्यानं घरी आणली. त्या जीपमधून वेलचीची पोती गेली, नवऱ्या गेल्या, बकऱ्या गेल्या, शाळेचे बाक आले, दोनतीनदा मढीही गेली. चेंपाऱ्यातली निम्मी पोरं त्याच्या जीपमधून आईच्या पोटात बसून खाली गेली आणि आईच्या कुशीत बसून वर आली. पावसात दुसरी गाडी वर यायची नाही. इट्टूपची जीप आहे म्हणून डोंगरावर माणसं नांदत होती, असं म्हटलं तर देव रागावणार नाही.

जान्सी, म्हणजे त्याची एकुलती एक लेक, बारावीला होती तेव्हा इट्टूपनं जीप उंच करून घेतली. दगड पोटाला घासायला लागले होते. वर्की आशान हा डोंगराखालच्या अंगाडीतला, म्हणजे बाजारातला, मेकॅनिक, इट्टूपचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं स्प्रिंगच्या पाट्यांवर पाटे चढवले, ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं लावली आणि जीप वर आणून अंगणात उभी केली. इट्टूपची बायको एलीश्वा पदराला हात पुसत बाहेर आली नि जागच्या जागी थांबली.

"अहो मनुष्या, ही जीप आहे की माडी?" नवऱ्याला ती मनुष्या म्हणूनच हाक मारायची, तिथल्या बायका मारतातच.

"दगडांवरून जायचं तर उंची नको?"

"तुम्हाला हवी हो. मी चढू कुठून? मी काय कोंबडी आहे, उडी मारून माळ्यावर बसायला?"

त्या दिवसापासून नारळ खवायचा पाट जीपमध्ये गेला. एलीश्वा त्याच्यावर पाय देऊन चढायची, आणि घरात नारळ खवायची वेळ आली की आधी जीप कुठं आहे ते बघावं लागायचं.

वर्की आशाननं कप्पा आणि मासळीचं कालवण हाणलं, हात धुतले आणि बजावलं, "इट्टूपा, नीट ऐक. आधी शाफ्ट झोपल्यासारखा आडवा होता. आता तो जिन्यासारखा तिरपा झालाय. क्रॉसला दुप्पट कष्ट. दर आठवड्याला ग्रीस भर. नाही भरलंस तर मोडेल, आणि मोडला की माझ्या दारात रडत यायचं नाही."

"माझ्या गाडीत पुण्याळन बसलाय, आशान." इट्टूपनं स्टेअरिंगपुढच्या तसबिरीकडे बोट केलं. घोड्यावर बसून भाल्यानं सर्प मारणारा संत गीवर्गीस, त्यांचा पुण्याळन.

"पुण्याळन घोड्यावर बसतो. घोड्याला क्रॉस नसतो."

सगळे हसले. एलीश्वा ताट उचलत होती, ती मात्र हसली नाही.

आणि मग काय सांगावं, वर्षं गेली, जान्सी नर्स झाली, मस्कतला गेली, तिचं लग्न झालं, आणि इट्टूपच्या जीपचा क्रॉस मोडला नाही. त्यानं ग्रीसच्या डब्याला बोट लावलं नव्हतं. तेल-पाणी बघावं, चाकाची हवा बघावी, सकाळी पुण्याळनला हात जोडावेत, एवढंच त्याचं शास्त्र. शनिवारी दुपारी तो चहाच्या दुकानात अठ्ठावीसचा पत्त्यांचा डाव टाकायला जायचा. हरला की तिथल्या रिवाजाप्रमाणे कानाला चिमटा लावून बसायचं. बऱ्याचदा तो कानातला चिमटा तसाच घेऊन घरी यायचा.

एलीश्वाचंही शनिवारचं एक ठरलेलं होतं. दुपारची भांडी झाली की ती म्हणायची, "मी कुरिशूला तेल घालून घेते."

देवळापुढं दगडी चौथऱ्यावर उंच कुरिशू आहे, दगडाचाच. क्रूस म्हणा ना. त्याच्या पायथ्याशी दिवे कोरलेले आहेत, नवसाची माणसं त्यात खोबरेल घालतात. बायको भाविक आहे, घालते तेल, ह्यात नवऱ्यानं विचारायचं काय? तो डावाहून परत येई तेव्हा ती हात घासत बसलेली असायची. कोपरापर्यंत काळे. राख, नारळाचा काथ्या, साबण, काही म्हणून निघायचं नाही.

"एवढी काजळी?" तो चिडवायचा. "देवानं तिथं लोहाराचं दुकान टाकलंय का?"

"तुम्हाला काय जातंय चेष्टा करायला? एकदा वाकून बघा म्हणजे कळेल."

"तू आहेस ना वाकायला."

"कानातला चिमटा काढा आधी," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

वैशाखाच्या शेवटी जान्सीचा फोन आला. दिवस भरत आले होते, आई हवी होती. एलीश्वा मस्कतला निघाली. लोणची, सुकी मासळी, बाळंतिणीचं औषधी तेल, सगळं बांधून झालं. इट्टूपनं तिला पाटावरून जीपमध्ये चढवलं, खालच्या अंगाडीत बसपाशी सोडलं. बस हलली तशी तिनं खिडकीतून डोकं काढलं. "कोंबड्यांना संध्याकाळी कोंडा! गॅस बघून निजा! आणि मनुष्या, शनिवारी कुरिशूला विसरू नका!"

"नाही विसरत!"

"नुसतं लावल्यासारखं करू नका! जुनं बाहेर येईपर्यंत घाला!"

"घालतो गं, घालतो!" सगळी बस ऐकत होती.

आणि त्यानं शब्द पाळला. पहिल्याच शनिवारी पत्त्यांचा डाव सोडून, खोबरेलाची बाटली घेऊन तो देवळाशी गेला. दिव्यातलं जुनं काळं तेल चिंधीनं निपटून काढलं, नवं घातलं, वात सरळ केली. देवळातले म्हातारे पाद्री, ज्यांना सगळे अच्चन म्हणत, ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "अरे वा, इट्टूपा! तुझ्या घरचं तेल कुरिशूला आज पहिल्यांदा बघतोय."

इट्टूप मनात म्हणाला, अच्चनचं वय झालं. माझी बायको इतकी वर्षं येतेय, ते विसरले.

फोनला रेंज मिळायची ती एका खडकावर. तिथून रविवारी बोलणं व्हायचं. नातू झाला होता, त्याच्या नाकाचं वर्णन झालं की एलीश्वा विचारायची, "कुरिशूला दिलंत?"

"दिलं."

"जुनं काढलंत?"

"पुसून काढलं."

"काळं होतं?"

"काळंकुट्ट!"

"बरं झालं बाई. मला काळजी तेवढीच."

इट्टूपला वाटायचं, माझी काळजी नाही, कोंबड्यांची नाही, कुरिशूची. पण भाविक बायको म्हणजे घराचं पुण्य.

कर्किडकाचा, म्हणजे ऐन आषाढातला, पाऊस जोरात असताना जीपच्या खालून चिवचिव ऐकू यायला लागली. बारीक, चिमणीच्या पिल्लासारखी. इट्टूपनं वाकून पाहिलं, कुठं घरटं नव्हतं. जीप थांबली की चिमणी गप्प, चालली की चिवचिव. मळ्यातल्या बायका त्याला दादा नि तिला वहिनी मानून हसायच्या, "इट्टूपचेट्टा, एलीचेडत्ती गेल्या म्हणून चिमणी पाळलीत होय?" तोही हसायचा. मग एक दिवस वेलचीची पोती भरून ओढ्यातून वर चढताना पोटाखाली कडाडलं, आणि पुढचा शाफ्ट तुटून दगडांवर खणखणत पडला.

इट्टूप खाली उतरला. हातात तो दांडा घेऊन पाण्यात तसाच उभा राहिला. भूत दिसावं तसा चेहरा. आजवर कधी मोडला नाही, हे वाक्य तोंडात तयार होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

मागच्या चाकांच्या जोरावर जीप कशीबशी वर्की आशानच्या दारात आणली. आशाननं तुटका क्रॉस हातावर घेतला, त्याच्या टोपीतल्या बारीक सुया बोटानं चाचपल्या. सुया कसल्या, लाल भुकटी उरली होती.

"कोरडा ठणठणीत," आशान म्हणाला. "ग्रीस कधी भरलं होतंस?"

"कधीच नाही."

"तसं नव्हे. ह्याच्या आधी कधी?"

"कधीच नाही, सांगतोय ना. जीप उंच केल्यापासून मी एकदाही भरलं नाही."

आशाननं चष्मा काढला. "इट्टूपा, एवढी उंच जीप आणि ग्रीसशिवाय? एक पावसाळा निघायचा नाही. इतकी वर्षं कशी निघाली?"

"पुण्याळननं काढली."

"खोटं बोलतोस."

दुकानात माणसं होती. चारचौघांत खोटा म्हटल्यावर इट्टूपचं डोकं फिरलं. "देवळापुढच्या कुरिशूची शपथ! माझा हात ग्रीसला लागला नाही. तूच शाफ्ट तिरपा बसवलास, तुझंच काम वाकडं!"

"इतकी वर्षं सरळ होतं, आज वाकडं झालं?"

तरी आशाननं नवा पुढचा शाफ्ट बसवला. दोस्तीला जागला म्हणा की कामाला. चारही नट आवळले, नव्या क्रॉसमध्ये ग्रीस भरलं, आणि हातातली ग्रीसची पिचकारी घेऊन मागच्या शाफ्टकडे सरकायला लागला. तेवढ्यात इट्टूप गाडीत चढला. "मागचं राहू दे. मागच्याला पुण्याळन आहे."

"अरे, दोन मिनिटं..."

इट्टूपनं जीप चालू केली. आशान पिचकारीसकट बाजूला झाला म्हणून वाचला.

गोष्ट डोंगरावर त्याच्याआधी पोचली. पण पोचली ती वेगळीच होऊन. इतकी वर्षं ग्रीसशिवाय जीप चालली, म्हणजे चमत्कारच! म्हाताऱ्या बाया जीपच्या टपाला हात लावून कपाळाला लावू लागल्या. आणि चमत्कार होता तर मग आता मोडला कसा? चहाच्या दुकानात कुणीतरी चिमटा कानाला लावता लावता म्हणालं, "बायको परदेशी, माणूस घरी एकटा. काहीतरी चुकलं असणार. पुण्याळन उगाच घोडा फिरवत नाही."

इट्टूपनं ते ऐकलं. घरी येऊन तो ओसरीवर बसला आणि आपलं काय चुकलं ते आठवत राहिला. कोंबड्यांना एकदा कोंडायचं राहिलं होतं. उपासाच्या शुक्रवारी एकदा मासळी खाल्ली होती. ह्याच्यासाठी एवढा राग? पुढच्या शनिवारी त्यानं दिव्यात एवढं तेल ओतलं की चौथऱ्यावरून ओघळ आला आणि अच्चनचा पाय घसरता घसरता राहिला. जीपच्या पोटाखाली चिमणी अजून बोलतच होती.

त्याच आठवड्यात सकाळी सुडलैमुत्तू धावत आला. मळ्यात काम करणारा तमिळ गडी, कमरेचा मुंडू, म्हणजे लुंगी, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. "अण्णा! पेचीला कळा सुरू झाल्या!"

पेची, त्याची बायको, पहिलटकरीण. इट्टूपनं काही विचारलं नाही. पाट खाली ठेवला, पेचीला चढवलं, सुडलैमुत्तूनं तिला मागं धरून ठेवलं, आणि जीप उताराला लागली. हत्तीखड्ड्याच्या वळणावर, जिथं डावीकडं नुसतं धुकं असतं आणि धुक्याखाली दरी, तिथं मागचा शाफ्ट गेला.

गेला तोही पुढच्या टोकाकडून. दांड्याचं तोंड खाली पडलं आणि धावत्या जीपखाली जमिनीत रुतलं. बांबू टेकून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी ती उंच जीप मागून उचलली गेली. इट्टूपनं समोर पाहिलं तर वाट नव्हती, ढग होता. पेचीची किंकाळी, पत्र्याचा आवाज, आणि मग धप्पकन चाकं खाली आली. दरीकडच्या अंगाला एक दगड होता, त्याला टेकून जीप थांबली. तो दगड इट्टूपनं रोज पाहिला होता. वाटेत येतो म्हणून रोज त्याला शिव्याही घातल्या होत्या.

आवाज फुटला तो पेचीला. "अण्णा," ती दातांवर दात दाबून म्हणाली, "ते तुमचं नंतर बघा. हे थांबणार नाही."

तेव्हा इट्टूपचे हातपाय हलले. त्यानं चाकांना दगड लावले, चिखलात उताणा पडून लोंबणाऱ्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे नट सोडले, दांडा ओढून काढला आणि जीपमध्ये टाकला. पुढची चाकं जोडली. पुढचा शाफ्ट नवा होता, ग्रीस भरलेला. त्या एका शाफ्टवर जीप खाली उतरली. पेची इस्पितळाच्या दारात उतरली आणि आतल्या खाटेपर्यंत जेमतेम पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सुडलैमुत्तूनं येऊन इट्टूपचे पाय धरले. इट्टूपनं पाय मागं घेतले, विस्तवावर पडल्यासारखे. त्याच्या डोळ्यांपुढं तो ढग होता. ज्या शाफ्टला ग्रीस होतं तो टिकला, ज्याला पुण्याळन होता तो गेला, हे त्याला दिसत का नव्हतं? दिसत नव्हतं. माणूस हबकला की समोरचं दिसत नाही, वरचं दिसतं.

जीप वर आणून त्यानं छपरीत लावली. पुण्याळनची तसबीर काढून घरात नेली, किल्ली तिच्यापुढं ठेवली. "मी गाडी चालवणार नाही," त्यानं अच्चनना सांगितलं. "तो उतरलाय माझ्या गाडीतून. माझ्या हातानं एक बाई आणि पोटातलं पोर जायचं होतं. मी हात लावणार नाही."

"अरे, पण पावसात लोकांनी जायचं कसं?"

"खुर्चीला बांबू बांधून. पूर्वी न्यायचेच."

आणि तसंच व्हायला लागलं. तापानं फणफणलेल्या एका म्हातारीला चौघांनी खुर्चीवरून खाली नेलं. वाटेत दोघे घसरले. इट्टूप खिडकीतून बघत होता. फोनच्या खडकाकडे तो गेलाच नाही, बायकोला काय सांगणार?

एलीश्वा परतली ती ओणमच्या तोंडावर. अंगाडीत बसमधून उतरून तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. जीप नाही. तिथंच वर्की आशान भेटला. त्यानं काय झालं ते थोडक्यात सांगितलं, आणि दुकानातून मागचा नवा शाफ्ट खांद्यावर घेऊन तोही तिच्याबरोबर डोंगर चढला. "तो मला बोलवायचा नाही, चेडत्ती. पण तुम्हाला तो नाही म्हणू शकत नाही."

अंगणात पोचली तेव्हा तिचा श्वास फुलला होता आणि राग त्याच्याही पुढं गेला होता. इट्टूप ओसरीवर बसलेला. दाढी वाढलेली. तिला पाहून तो उठला, पुन्हा बसला.

तिनं पिशवी ठेवली, आणि सरळ छपरीत गेली. जीपमध्ये तो तुटका शाफ्ट अजून पडून होता. तिनं क्रॉस हातात घेतला, टोपी निखळवली, नखानं आतलं खरवडलं. लाल भुकटी तिच्या पांढऱ्या मुंडूवर पडली.

"कोरडा," ती म्हणाली. मग वळली. "मनुष्या, मी बसमधून ओरडून सांगून गेले. फोनवर दर आठवड्याला विचारलं. कुरिशूला तेल दिलंत म्हणालात!"

"दिलं ना! एक शनिवार चुकवला नाही. हवं तर अच्चनना विचार."

"अच्चनना कशाला विचारू?"

"त्यांच्या डोळ्यांदेखत घालत होतो! देवळापुढं उभा राहून."

एलीश्वाच्या हातातला क्रॉस खाली पडला. कोंबडी दचकून ओरडली.

"देवळापुढं?"

"मग कुरिशू कुठं असतो?"

वर्की आशान आ वासून दोघांकडे बघत होता. त्याला एकदम आठवलं. एलीश्वाचा बाप, औसो मेस्त्री, खालच्या मुलखात बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात इंग्रजी शब्द कुणी वापरत नसे. क्रॉसला ते कुरिशू म्हणायचे, आणि ग्रीसला तेल.

"इट्टूपा," आशान हळूच म्हणाला, "हा कुरिशू रे. हा, हातातला."

इट्टूपनं खाली पडलेल्या लोखंडाकडे पाहिलं. मग बायकोच्या हातांकडे. कोपरापर्यंत काळे हात, राख, काथ्या, साबण. लोहाराचं दुकान. एकदा वाकून बघा म्हणजे कळेल. त्यानं छपरीचा खांब धरला.

"तू... ह्या जीपच्या खाली शिरायचीस?"

"मग? उंच केलीत ना, छान शिरता येतं. तुम्ही डावाला गेलात की. पिचकारी कोंबड्यांच्या खुराड्यामागं आहे. डबा मी माहेराहून आणते, तुम्ही बघितलाय."

"तो विहिरीच्या रहाटाला होता ना?"

"रहाटाला एवढा डबा? आपली विहीर आहे की बंदर?" पण तिच्या आवाजात नेहमीचा चटका नव्हता. ती खवायच्या पाटावर मटकन बसली. "म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं? इतकी वर्षं?"

"नव्हतं."

"मग जीपच्या कुरिशूला कोण तेल घालतंय असं वाटलं तुम्हाला?"

इट्टूपनं खरं ते सांगितलं. "पुण्याळन."

वर्की आशाननं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. एलीश्वा हसली नाही. "तुम्ही जगाला सांगत सुटायचात, माझा क्रॉस कधी मोडला नाही, कधी मोडला नाही. मला वाटायचं, चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून मनुष्य असं आडून कौतुक करतोय. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. इतकी वर्षं ऐकायची हो मी ते."

इट्टूप तिच्या समोर खाली बसला. त्याला हत्तीखड्ड्याच्या वळणावर जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा आता बसला. तिथं निदान एक दगड होता.

"एली," तो म्हणाला, "आता सांगतो. नाव घेऊन सांगतो."

"आता काय सांगणार? आता मोडलाय." तिनं डोळे पुसले. डोळ्यांभोवती लाल भुकटी लागली. "उठा. आशान डोंगर चढून लोखंड घेऊन आलाय, त्याला चहा तरी विचारा. खोटा म्हणाला म्हणून भांडलात, आणि खोटे निघालात तुम्हीच."

"मी शपथेवर खरं बोललो होतो!"

"तेच तर," आशान म्हणाला. "एवढं खरं बोलणारा मूर्ख मी पाहिला नाही."

चहा झाला. इट्टूप जीपखाली शिरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नीट, उताणा पडून त्यानं आपल्या जीपचं पोट पाहिलं. क्रॉसच्या आसपास जुन्या ग्रीसचे थर बसले होते, आणि एका थरावर पाच बोटं उमटलेली, बारीक, बाईची. त्यानं तिथं हात लावला नाही.

"शाफ्टच्या दोन भागांवर बाण असतात," वरून आवाज आला. एलीश्वा वाकली होती. "ते समोरासमोर आणा. एक दात जरी चुकला तरी थरथरेल."

"माहितीय."

"तुम्हाला पुष्कळ माहीत असतं."

नट आवळले गेले. तिनं खुराड्यामागून पिचकारी आणून त्याच्या हातात दिली. "दाबा. अजून. जुनं बाहेर येईपर्यंत." पुढच्या शाफ्टच्या क्रॉसमधून काळं, मग करडं, मग मधासारखं ग्रीस बाहेर आलं नि त्याच्या कपाळावर पडलं. हेच ते, बसमधून ओरडून सांगितलेलं.

तो बाहेर निघतो न निघतो तोच अच्चनचा निरोप आला. खुर्चीवरून नेलेल्या त्या म्हातारीला इस्पितळातून सोडलं होतं, पण चालून वर येणं शक्य नव्हतं. नि बांबू धरायला माणसं नव्हती, ओणमची सुट्टी. इट्टूप कधी किल्लीकडं बघत होता, कधी आपल्या हातांकडं. ढग पुन्हा डोळ्यांपुढं आला.

"मला नाही जमायचं, एली. तो उतरलाय."

"कोण उतरलाय? मी आत्ता तर आले." तिनं घरातून तसबीर आणली, स्टेअरिंगपुढं टांगली, पदरानं काच पुसली. त्या पदराला ग्रीस होतं, पुण्याळनच्या घोड्याचं एक पाऊल काळं झालं. ते अजून तसंच आहे. मग तिनं पाट खाली ठेवला, वर चढली, आणि त्याच्या शेजारी बसली. "चला. ओणमचा नारळ खवायचा आहे. पाट जीपमध्ये, जीप छपरीत, घरातली कामं कधी व्हायची?"

त्यानं गियर टाकला. जीप अंगणातून निघाली, देवळापुढून गेली. दगडी कुरिशूच्या पायथ्याशी दिवे काठोकाठ भरून जळत होते. एलीश्वानं ते पाहिलं आणि वळून नवऱ्याकडं पाहिलं. "एवढं खोबरेल? माझ्या बरणीतलं?"

हत्तीखड्ड्याच्या वळणापाशी त्यानं वेग कमी केला, कान टवकारले. तो दगड होता तिथंच होता. इट्टूपनं त्याला शिवी घातली नाही. खाली चिमणी गप्प होती. एलीश्वा मात्र खोबरेलापासून कोंबड्यांपर्यंत एकेक करत अंगाडी येईतो बोलत होती, आणि इट्टूप पहिल्यांदाच सगळं कान देऊन ऐकत होता. न जाणो, त्यातला एखादा शब्द पुन्हा भलताच निघायचा.